तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीच्या कप्प्यातला नकाशा

माझ्या गाडीत बसणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "समोर एवढा मोठा स्क्रीन आहे, खिशात फोन आहे, मग हा कागदी नकाशा अजून कशाला?" चालवताना मी फार बोलत नाही, त्यामुळे उत्तर अर्धवट राहतं. ते इथे पुरं करतो.

बहीण देवरुखला दिली. त्यानंतरच्या पहिल्या श्रावणात आईला घेऊन कोल्हापूरहून निघालो होतो. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाट सुरू झाला. पाऊस बारीक, धुकं दाट. रस्ता नवखा म्हणून फोनवर लावलेला, आणि घाटात नेटवर्क गेलं. आपण कुठे आहोत हे फोनला उपग्रहांकडून कळतं, त्याला नेटवर्क लागत नाही. पण नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर तो नेटवर्कवरूनच येतो. त्यामुळे निळा ठिपका सरकत होता आणि त्याच्याखाली रस्ताच नव्हता, नुसता करडा पडदा. मी बोटांनी तो लहान-मोठा करून बघायला लागलो.

"आरं, पुढं बघ की!" आई ओरडली.

मान वर केली तर वळणावरून घाट चढणारी एसटी समोर, दिवे थेट तोंडावर. त्या ड्रायव्हरनं बस कडेला दाबली म्हणून निभावलं.

साखरप्याला टपरीवर थांबलो, तर आईनं चहाचा कप हातात धरून ठेवला, तोंडाला लावलाच नाही. तिच्यासमोर बसून मी हिशोब केला. वेग ताशी 40 किलोमीटर धरला तरी सेकंदाला 11 मीटर. नजर पडद्यावर तीन सेकंद होती. म्हणजे 33 मीटर गाडी मी न बघता चालवली. तीन एसट्या एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर, आणि तेही घाटात.

कागदी नकाशा जास्त अचूक असतो म्हणून मी तो ठेवत नाही. नवा बायपास त्यात नसतो, कुठे दरड कोसळली ते तो सांगत नाही. पण चालत्या गाडीत तो वाचताच येत नाही. मांडीवर उलगडायचा म्हटलं तर स्टिअरिंग झाकलं जातं. त्यामुळे एक तर तो घरी बघून निघावं लागतं, नाहीतर गाडी बाजूला घेऊन हँडब्रेक ओढावा लागतो. मला हवी आहे ती नेमकी हीच सक्ती. स्क्रीन मात्र सारखा खुणावतो: पुढचं वळण, उरलेली मिनिटं, दुसरा रस्ता घेतला तर वाचणारी मिनिटं. शिवाय आता एसी आणि आवाजही त्याच काचेत गेलेत. जुन्या गाडीत एसीची चकती न बघता हाताला लागायची. या गाडीत पंखा कमी करायचा तरी नजर रस्त्यावरून काढावी लागते. हे मला मुळीच पटलेलं नाही.

ऑक्टोबर 2020 पासून मोटार वाहन नियमांत गाडी चालवताना हातातला फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरायची मुभा आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. सगळा भार त्या अटीवर आहे, आणि ती प्रत्येकानं स्वतःच पाळायची आहे. त्या दिवशी घाटात मी ती पाळली नव्हती.

फोन मी सोडलेला नाही. घाट बंद आहे का, कुठे कोंडी आहे का, हे निघण्याआधी त्यावरच बघतो. पुण्यात शिरताना त्याचा आवाज चालू ठेवतो, पडदा मात्र बंद. वळण चुकलं तर चुकू देतो आणि गाडी नीट उभी करता येईल अशी जागा येईपर्यंत सरळ जातो. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

लांबचा प्रवास असला की आदल्या रात्री जेवणं झाल्यावर नकाशा फरशीवर पसरतो. मुलगी सातवीत आहे. ती रस्त्यावरून बोट फिरवत गावांची नावं वाचते, मी फाटे लिहून घेतो. देवरुखच्या चिठ्ठीवर एवढंच असतं: मलकापूर, आंबा, घाट, साखरपा, तिथून उजवीकडे. चार-पाच नावं डोक्यात सहज राहतात. गाडीत ती पुढे बसते आणि फाटा जवळ आला की मोठ्यानं सांगते. नकाशा तिच्याच मांडीवर असतो.

त्याची घडी नेमकी आंबा घाटावर फाटली आहे. मागून चिकटपट्टी लावली आहे, पण उलगडताना तेवढी जपून उलगडा. पुढच्या वेळी तुम्ही पुढे बसलात तर तो तुमच्याकडेच देईन.