पत्ते झाकून ठेवा, म्हणजे टेबल बोलू लागेल

अमेरिका-कॅनडातल्या अनेक पब्लिक लायब्ररींत नव्याने आलेल्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे गट चालतात. जोडीदाराच्या नोकरीमुळे आलेले, मुलांकडे राहायला आलेले आईवडील, निर्वासित, सगळे एकाच टेबलाला. ‘कुठून आलात, काय करता’ एवढं झालं की शांतता पसरते. बोलायला कारण हवं असतं, आणि सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात असा सहकारी बोर्ड गेम ते देतो.

माझी पसंती फॉरबिडन आयलंडला. मॅट लीकॉकचा 2010 चा हा गेम 2 ते 4 जणांचा आहे. 24 टाइल्सचं, म्हणजे नावं लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांचं, बेट बुडत असतं. चार खजिने गोळा करून सगळ्यांनी हेलिकॉप्टरने निसटायचं. एका खजिन्यासाठी एकाच जातीचे 4 पत्ते एकाच्याच हातात लागतात आणि हातात 5 हून जास्त ठेवता येत नाहीत, म्हणून देवाणघेवाण अटळ.

मूळ नियमात पत्ते सगळ्यांसमोर उघडे असतात. हा नियम बदला. पत्ते उघडे असले की ज्याचं इंग्रजी सफाईदार तो सगळ्यांच्या चाली ठरवतो आणि बाकीचे नुसती प्यादी हलवतात. पत्ते हातात झाकले की ‘हाऊ मेनी डू यू हॅव?’ विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. सोबत आणखी एक नियम: दुसऱ्याला हुकूम द्यायचा नाही, ‘कुड यू...?’ किंवा ‘व्हाय डोन्ट वी...?’ म्हणायचं. ही वाक्यं जाड कार्डावर लिहून टेबलावर ठेवा.

गेममध्ये प्रत्येकाला खास ताकद असलेली एक भूमिका मिळते. ती चिठ्ठीने वाटू नका. पायलट आणि डायव्हर एकट्याने सगळीकडे पोचतात, कुणाशी बोलायची गरजच पडत नाही. ते दोन बाजूला काढा. मेसेंजर लांबूनही पत्ते देऊ शकतो, नॅव्हिगेटर दुसऱ्यांची प्यादी हलवतो. या दोन भूमिका सर्वांत अबोल माणसांना द्या, कारण विचारल्याशिवाय त्या वापरताच येत नाहीत.

टाइल्सची नावं हा तर खजिनाच आहे. केव्ह ऑफ एम्बर्स आणि केव्ह ऑफ शॅडोज, व्हिस्परिंग गार्डन आणि हाउलिंग गार्डन. नाव अर्धवट उच्चारलं की समोरचा भलतीच टाइल वाचवतो, आणि बोलणाऱ्याला कुणी न सुधारता कळतं की नेमका शब्द पोचला नाही. मांडणी करतानाच प्रत्येकाकडून नावं मोठ्याने वाचून घ्या. ‘वॉटर्स राइज’चा पत्ता आला की बुडीत टाइल्सचे वापरलेले पत्ते पिसून गठ्ठ्यावर परत येतात, म्हणजे त्याच टाइल्स पुन्हा धोक्यात, तिथे ‘इफ वी डोन्ट..., इट विल सिंक’ आपोआप तोंडी येतं.

डब्यावर अर्धा तास लिहिलंय, तुम्ही सव्वा तास धरा. पाणीपातळी सर्वांत सोप्या खुणेवर ठेवा आणि पहिली फेरी उघड्या पत्त्यांनी खेळा. नियम समजावताना मराठीत कुजबुजलं तर चालू द्या. नवरा-बायकोला मात्र वेगळ्या टेबलांवर बसवा, नाहीतर एकच दोघांची उत्तरं देतो. गट चालवणाऱ्याने खेळायचं नाही आणि मधेच चूक सुधारायची नाही. तीनचार वाक्यं टिपून शेवटी फळ्यावर घ्यायची. मधे टोकलेला माणूस पुढच्या डावात गप्प बसतो, हे सर्वांत मोठं नुकसान.

पुरातून किंवा समुद्रातून जीव वाचवून आलेलं कुणी असेल तर बुडणारं बेट नको. तिथे, आणि अगदी नवशिक्यांसाठीही, हनाबी हा पत्त्यांचा सहकारी गेम काढा. त्यात आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, इतरांना दिसतात. इशारा फक्त रंगाचा किंवा आकड्याचा: ‘धिस वन इज रेड’, ‘दीज टू आर फोर्स’. एवढ्या शब्दांवर अख्खा डाव निभतो आणि एकवचन-अनेकवचन पक्कं होतं.

मॅजिक मेझ आणि द माइंड हेही सहकारी गेम आहेत आणि सुंदर आहेत, पण त्यांचा नियमच गप्प राहण्याचा आहे. विकत घेताना तेवढं पाहा.