हक्क कोणता, कर्तव्य कोणाचं?

पहिल्या दोन वर्षांत मी साठेक अर्ज केले. मुलाखतीपर्यंत त्यातले दोनच पोहोचले. मानवी हक्क आणि हवामान बदल या कामाची मला किती तळमळ आहे, हे मी प्रत्येक अर्जात लिहायचे. तळमळ खरी होती. पण मला घेतलं तर कोणतं काम मार्गी लागेल, हे त्यातून कुणालाच कळत नव्हतं. एका मोठ्या संस्थेत इंटर्नशिप मिळाली, पण ती बिनपगारी होती. सहा महिने परदेशात स्वतःच्या खर्चानं राहणं शक्य नव्हतं, म्हणून सोडली. त्याचं दुःख अजून आहे. ज्यांच्या गाठीला पैसा नाही, त्यांच्यासाठी या क्षेत्राचं दार इथेच बंद होतं.

मग एका छोट्या संस्थेत लागले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत दर साडेचार-पाच वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो, त्याला सगळे यूपीआर म्हणतात. त्यात स्वयंसेवी संस्थांनाही निवेदन देता येतं. एका संस्थेला शब्दमर्यादा २,८१५. समुद्र आत घुसून जिथल्या विहिरी खारट झाल्या होत्या, अशा एका वस्तीवर मी चार पानं लिहिली. सहकारी बाईंनी समासात पेन्सिलीनं तीनच प्रश्न लिहून ती परत पाठवली: ‘हक्क कोणता? कर्तव्य कोणाचं? तारीख?’

मी पुन्हा टिपणं काढली. विहीर कोणत्या महिन्यात खारट झाली, आता पाणी किती लांबून येतं, ते कोण आणतं, तक्रारअर्ज कधी दिला, उत्तर आलं का. मग त्याला आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं ११वं कलम, म्हणजे पुरेशा राहणीमानाचा हक्क, आणि त्या कराराचा अर्थ उलगडणारी, पाण्याच्या हक्कावरची २००२ची सामान्य टिप्पणी जोडली. चार पानांचे साडेतीनशे शब्द झाले. ज्या आजींनी सगळं सांगितलं होतं, त्यांना मी मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “माझं नाव आलं आणि येतंय तेवढंही पाणी बंद झालं, तर?” नाव काढलं, वस्तीचं नावही काढलं.

संस्थेच्या परवानगीनं तोच उतारा पुढे प्रत्येक अर्जाला जोडला. सोबत मानवी हक्कांवरचे निकाल वाचायला लागले, आणि तेही बहुमताशी असहमत सदस्यांच्या वेगळ्या मतांसकट. समुद्राची पातळी वाढत असलेल्या किरिबाती या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशातल्या तेतिओता यांना न्यूझीलंडनं परत पाठवलं, त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीचं (ही परिषदेहून वेगळी, तज्ज्ञांची समिती) मत २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. ते हरले. पण हवामान बदलामुळे जिवाला धोका असेल तर माणसाला परत पाठवता येणार नाही अशी वेळ येऊ शकते, हे समितीनं मान्य केलं. वासिल्का सान्सिन या सदस्येनं वेगळं मत नोंदवलं: पिण्याजोगं म्हटलेलं पाणी सुरक्षित असेलच असं नाही. माझ्यासमोर त्या खारट विहिरी उभ्या राहिल्या.

तिसऱ्या मुलाखतीत मी हेच बोलले. मात्र ‘आम्ही निवेदन केलं, आम्ही भेटलो’ असं म्हणत राहिले, तेव्हा समोरून प्रश्न आला, “त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?” अशा मुलाखतीत एक खरा प्रसंग सांगायचा असतो: काय घडलं, मी काय केलं, त्यातून काय निघालं. ‘मी’ म्हणायला मला जड गेलं, पण म्हणाले. काम मिळालं, करार अकरा महिन्यांचा. या क्षेत्रात सुरुवातीला बहुतेकांचं असंच असतं, तेव्हा दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांसाठी पैसे आधीच बाजूला काढून ठेवा. फ्रेंचही लवकर सुरू करा, मी फार उशिरा केली. वयाच्या अटीत बसत असाल, तर तरुण अधिकारी भरती करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वायपीपी परीक्षेत त्या वर्षी आपल्या देशाला जागा आहे का, तेही बघा.

आमच्या देशाचा आढावा झाला तेव्हा मी नव्या नोकरीत होते. थेट प्रक्षेपण बघत बसले. एका देशाच्या प्रतिनिधीनं मिळालेल्या मिनिटभरात किनाऱ्यावरच्या पिण्याच्या पाण्याबद्दल एक शिफारस वाचली. मी लगेच आजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाव नाही ना आलं?”

“नाही, आजी.”

“मग आता पाणी कधी?”