रतनवाडी ते हरिश्चंद्रगड, आणि मला हवं असलेलं जीपीएस

रतनवाडीत अमृतेश्वराला हात जोडून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. डिसेंबरचा पहिला आठवडा. प्रवरेच्या पात्रात धुकं बसलेलं, दगडांवर दव. बरोबर मावसभाऊ, पाठीवर तीन दिवसांचा शिधा, आणि सॅकच्या पट्ट्याला अडकवलेलं माझं जीपीएस. नऊ वर्षं हे वाट दाखवणारं यंत्र माझ्याबरोबर डोंगर फिरतंय. बेत जुनाच होता: कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड.

रानात एका ठिकाणी वाट फुटते. एक रतनगडाच्या शिड्यांकडे जाते, दुसरी कात्राबाईकडे. आम्ही दुसरी धरली आणि अर्ध्या तासात कारवीच्या गचपणात अडकलो. कारवी डोक्याच्या वर, खाली वाट आहे की पावसाचं पाणी गेलेली घळ आहे ते कळेना. जीपीएस काढून पाहिलं, तर आम्ही नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, पलीकडच्या अंगाला होतो. प्रत्यक्षात नाळ आमच्या डाव्या हाताला आणि आम्ही तिच्या अलीकडे! दहा पावलं चाललो, तर ठिपका उडी मारून पुन्हा इकडे आला. परत थांबलो, परत तिकडे. आणि या सगळ्या वेळात पडद्याच्या कोपऱ्यात शांतपणे लिहिलेलं होतं: अचूकता ५ मीटर.

मला राग आला तो या ५ मीटरचा. यंत्र चुकणारच. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येईस्तोवर पार क्षीण झालेला. जागा आणि उंची ठरवायला निदान चार उपग्रह लागतात, आणि कड्याच्या पोटाशी उभं राहिलं की निम्मं आकाश कातळाने झाकलेलं. उरलेल्या संदेशांपैकी काही समोरच्या भिंतीवर आपटून फिरून येतात. एक अब्जांश सेकंद उशीर म्हणजे ३० सेंटिमीटरचा फरक. फेरा मोठा पडला की पन्नास-साठ मीटर सहज जातात. हे सगळं मान्य. पण ज्याला निम्मं आकाश दिसत नाही त्याने छातीठोकपणे ५ मीटर कशाच्या जोरावर सांगावं?

म्हणून माझ्या मनातल्या यंत्रात ठिपका नाही, डाग आहे. मोकळ्या पठारावर तो डाग ज्वारीच्या दाण्याएवढा असावा, कड्याखाली गेलं की पसरून नाळेच्या दोन्ही काठांवर सांडावा. म्हणजे मला कळेल की आता पडद्यावरून डोळे काढायचे आणि जमीन वाचायची. हे जमण्यासारखं आहे. डोंगरांच्या उंचीची माहिती बऱ्याच यंत्रांच्या पोटात असते. कुठला उपग्रह कुठल्या कड्याआड दडलेला असायला हवा, याचा हिशेब त्याला करता येतो. तो दडलेला असायला हवा आणि तरी त्याचा संदेश येतोय, म्हणजे तो भिंतीवरून उसळून आलेला. नव्या यंत्रांत दोन वेगवेगळ्या लहरींवर संदेश घेण्याची सोय आहे, त्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो. पण पूर्ण जात नाही, आणि जिथे जात नाही तिथे यंत्राने तसं सांगावं एवढीच माझी मागणी आहे.

आम्हाला त्या गचपणातून काढलं एका मामांनी. गुरं घेऊन आले होते. आमचा आवाज ऐकून वरूनच हाक दिली, "पाव्हणं, कुठं चालला? ती ढोरवाट हाय. पाण्यावर जाती आन् संपती." मग खाली उतरून आम्हाला खऱ्या वाटेवर नेऊन सोडलं, आणि नको नको म्हणता म्हणता खिंडीपर्यंत सोबत आले. खिंडीत शेंदूर लावलेल्या देवाजवळ बसलो, गूळ-शेंगदाणे वाटून खाल्ले. समोर आजोबाचा डोंगर, खाली कुमशेतचं खोरं. मी त्यांना वाटेतल्या पाण्याविषयी विचारलं. ते म्हणाले, "पाडव्यापोतर पाणी ऱ्हातं. फुडचं म्या न्हाई सांगायचो, ते कुमशेतात इचारा."

माझ्या जीपीएसवर ते पाणी म्हणजे निळा थेंब आहे. कोणीतरी कधीतरी खूण केली आणि ती फाइल हातोहात माझ्यापर्यंत आली. थेंब ऑक्टोबरचा की एप्रिलचा, कोणाला ठाऊक! सह्याद्रीत पाण्याला महिना असतो. टाकं बारमाही आहे, की होळीपर्यंतचं, की नुसतं गुरांचं, हे कळल्याशिवाय त्या थेंबाचा काय उपयोग? एप्रिलमध्ये अशा थेंबाच्या भरवशावर रिकाम्या बाटल्या घेऊन चालणं जिवावर बेतू शकतं. मला हव्या असलेल्या यंत्रात प्रत्येक पाण्यापाशी शेवटचं कोणी, कुठल्या महिन्यात पाहिलं ते लिहिलेलं असेल, आणि जसजसे दिवस जातील तसतसा तो थेंब फिका होत जाईल.

वाटांचंही तसंच. पावसाळ्यानंतर दरड येऊन बुजलेली वाट यंत्रावर वर्षानुवर्षं ठळक रेघ बनून राहते.

मामांनी तिथल्या सगळ्या सोंडांची, टेपाडांची नावं सांगितली. माझ्या नकाशावर त्यातलं एकही नव्हतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी नकाशावर २० मीटरची समोच्च रेषा मिळते, पण ज्या झाडाखाली वाट वळते त्या झाडाचं नाव मिळत नाही, आणि डोंगरातला माणूस वाट सांगतो ती त्या झाडाच्या नावाने. मी देवनागरीत नाव घालायला गेलो तर माझं यंत्र चौकोन दाखवतं. यंत्राला मराठी यावं, हे मागणं मला चैनीचं वाटत नाही. आणि टंकायलाच कशाला लागावं? बटण दाबून धरावं, मामांनी बोलावं, तो आवाज त्या जागेला चिकटून राहावा. पुढच्या वेळी तिथे पोचलो की ऐकू यावं, "ती ढोरवाट हाय."

कुमशेतला ज्यांच्या पडवीत उतरलो त्या आजींनी नागलीच्या भाकऱ्या थापल्या. गावात वीज संध्याकाळपासून नव्हती, फोन दोघांचेही मान टाकलेले. जीपीएसचे सेलही संपत आले होते, पण दुकानात पेन्सिल सेल मिळाले आणि काम झालं. नवी यंत्रं बंद पेटीची बॅटरी घालून येतात आणि तिचं कौतुकही होतं. मला विचाराल तर पेन्सिल सेलची जागा हवीच. रेडिओ आणि विजेरी जिथे आहे तिथे ते मिळतात. आणि बटणं हवीत, घामाच्या बोटांनीही दाबता येणारी.

दुसऱ्या दिवशी मुळा ओलांडून पाचनई, आणि कड्याच्या पोटातून जाणाऱ्या वाटेने दुपारी गडावर. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात पाय घातले तेव्हा चालल्याचं सार्थक झालं. रात्री झोपण्याआधी दहाला यंत्रावरची उंची वहीत टिपली, पहाटे चारला जाग आली तेव्हा पुन्हा पाहिली. आम्ही जागचे हललो नव्हतो आणि यंत्राच्या लेखी सतरा मीटर वर गेलो होतो. माझं यंत्र हवेच्या दाबावरून उंची सांगतं आणि आपल्याकडे हा दाब रोज रात्री दहाच्या सुमारास चढतो, पहाटे चारला उतरतो. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखं हवेचं हे घड्याळ आहे. रात्रभर एका जागी पडून असलेल्या यंत्राला एवढा हिशेब यायला हवा.

पण खरं सांगायचं ते आदल्या संध्याकाळचं. सूर्यास्ताला गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर पालथे पडून खाली बघत होतो. अंधार पडल्यावर खाली नळीच्या वाटेच्या बाजूला तीन-चार विजेऱ्या हलताना दिसल्या. कोणीतरी उशिरा चढत होतं. ती मंडळी रात्री नऊला सुखरूप वर आली, पण तोवर आमचं जेवणात लक्ष लागलं नाही. आमचे फोन बंदच होते. त्यांच्यातला कोणी घसरला असता तर?

उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं जगात आहेत. आपल्याकडे परवान्याशिवाय ती जवळ बाळगणं बेकायदा आहे, विमानतळावर परदेशी पाहुण्यांना त्यापायी अडवल्याच्या बातम्याही येतात. सुरक्षेची कारणं मला समजतात. पण इस्रोने समुद्रावरच्या मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र केलं आहे. २०२४च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत तर ‘तुमची हाक पोचली’ असं उत्तरही होडीवर परत येतं. तेच डोंगरासाठी करा ना! नोंदणी करून घ्या, ओळखपत्र घ्या, भाड्याने द्या, काहीही करा.

आणि हाकेबरोबर जागा जावी ती माणसाला कळेल अशी. कोकणकडा साधारण १९.३९ अंश अक्षांशावर आहे. घाबरलेल्या मुलाने फोनवर "एकोणीस, एकोणचाळीस" सांगितलं आणि ऐकणाऱ्याने ते १९ अंश ३९ मिनिटं असं लिहून घेतलं, तर शोधपथक सुमारे २९ किलोमीटर उत्तरेला जाईल. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरसारख्या संस्थेचे स्वयंसेवक आपली कामं टाकून, रात्री-अपरात्री, पदरमोड करून डोंगरात शिरतात. त्यांना आकडे कशाला? एक बटण दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत यावं: ‘कोकणकड्याच्या खाली, नळीच्या वाटेवर, बेलपाड्याकडून चढताना’. तेवढं वाचून दाखवणं जखमी माणसालाही जमेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाचनईला उतरलो. मामांचं बोलणं मी खिंडीत फोनवर टिपून ठेवलं होतं, फोन मान टाकायच्या आधी. एक मिनिट चाळीस सेकंदांचं आहे, मागे गुरांच्या घंटा वाजताहेत. ते कुठल्या जागेचं, हे वहीत वेगळं लिहावं लागलं.