नाकेबंदी टिकते ती कोळशावर

नाशिक-खानदेशातल्या कापसाच्या तेजीबद्दल लिहिताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं बंद केली आणि इथला कापूस महागला. मधला टप्पा इतका सरळ नव्हता. लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी नाकेबंदी जाहीर केली तेव्हा आरमाराची प्रत्यक्ष सेवेतली जहाजं होती ४२, आणि किनारा साडेतीन हजार मैलांचा. पहिल्या वर्षी कापूस अडला तो मुख्यतः दक्षिणेच्या मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी स्वतःच रोखून धरल्यामुळे. माल मिळाला नाही की ब्रिटन आपल्या बाजूने उतरेल, हा त्यांचा हिशेब. पण आधीच्या भरघोस पिकाचा साठा इंग्लंडच्या गोदामांत पडून होता. वाट मोकळी असताना माल दाबून ठेवला आणि पहारा घट्ट झाल्यावर तो बाहेर काढायची धडपड सुरू झाली. दक्षिणेची ही सगळ्यात महागात पडलेली चूक, असं माझं मत आहे.

१८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यानुसार कागदावरची नाकेबंदी परक्या देशांवर बंधनकारक नसते. बंदरासमोर पुरेशी जहाजं उभी असावी लागतात. आणि वाफेचं जहाज नुसतं उभं राहिलं तरी कोळसा खातं. पळणाऱ्या बोटीमागे मिनिटांत निघायचं तर भट्टी विझवता येत नाही. कोळसा संपत आला की जागा सोडून तळावर जावं लागतं. खाऱ्या पाण्याने बॉयलरमध्ये क्षाराचा थर बसतो, तो खरवडायचा तर भट्टी थंड करावी लागते, आणि तेवढे दिवस ते जहाज पहाऱ्यातून गेलं. म्हणून नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेने साउथ कॅरोलायनातलं पोर्ट रॉयल हे बंदर घेणं ही माझ्या मते मॉनिटर आणि व्हर्जिनिया या दोन चिलखती जहाजांच्या गाजलेल्या लढतीपेक्षा मोठी घटना. तिथे कोळसा आणि दुरुस्तीची सोय झाली आणि दक्षिणेच्या दारातच पहाऱ्याला तळ मिळाला.

सगळ्यात चिवट ठरलं नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन बंदर. केप फिअर नदीला दोन मुखं, आणि त्यांच्या मध्ये स्मिथ बेट व समुद्रात लांबवर गेलेला फ्राइंग पॅन शोल्स हा उथळ वाळूचा पट्टा. एका मुखापुढचं जहाज दुसऱ्याच्या मदतीला झटकन जाऊ शकत नसे. शिवाय फोर्ट फिशर या दक्षिणेच्या किल्ल्यावरच्या लांब पल्ल्याच्या तोफा पहारेकऱ्यांना दूर ठेवत. नाकेबंदी फोडणाऱ्या आगबोटी नासाऊ किंवा बर्म्युडा या ब्रिटिश बेटांवरच्या बंदरांतून निघत: लांब, सडपातळ, उथळ पाण्यातही चालणाऱ्या, करड्या रंगाच्या. रात्र बिनचांदण्याची आणि पाणी भरतीचं, असा मेळ पाहूनच त्या किनारा गाठत. दिवे बंद, होकायंत्रावर झाकण, जादा वाफ पाण्याखाली सोडायची. किल्ल्याजवळचे खुणेचे दिवे एका रेषेत आले की वाट बरोबर. पहारेकरी बोट दिसताच तिच्या दिशेने अग्निबाण सोडत. मग आगबोटीही चकवण्यासाठी भलत्याच दिशेला तसेच बाण सोडू लागल्या.

इथेही शेवटी कोळसाच. कमी धुराचा अँथ्रासाइट हा कठीण कोळसा उत्तरेकडे होता, म्हणून आगबोटी वेल्सच्या कोळशावर चालत. सप्टेंबर १८६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याची ‘ॲडव्हान्स’ ही आगबोट पकडली गेली. तिच्यासाठीचा चांगला कोळसा दक्षिणेच्याच ‘टॅलाहासी’ या युद्धनौकेने उचलला होता. मग स्थानिक मऊ कोळसा भरावा लागला. वेग पडला आणि काळ्या धुराने ठिकाण सांगितलं.

वाफेच्या बोटींच्या बहुतेक खेपा पार पडत. तेवढ्यावरून नाकेबंदी फसली म्हणणारे चुकतात. या बोटी बंदुका, शिसं, बूट, औषधं आणत. रेल्वेचे रूळ आणि इंजिनं मोठ्या प्रमाणावर आणणं त्यांना शक्य नव्हतं. किनाऱ्यालगतची वाहतूक थांबल्याने सगळा भार रेल्वेवर आला आणि झिजलेले रूळ बदलायला नवे नव्हते. युद्धापूर्वी दक्षिणेतून वर्षाला तीस लाखांहून अधिक गाठी जात. नाकेबंदी फोडून गेल्या त्या सगळ्या युद्धकाळात मिळून काही लाख.

ही तूट भरून काढायला मुंबईहून गाठी गेल्या. धागा आखूड म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या नाक मुरडत, पण घेत. आपल्या भागाची अडचण थळ घाटाची. कसारा-इगतपुरीचा रेल्वेमार्ग सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला. तोवर घाटावरचा कापूस बैलगाड्यांनी खाली उतरवावा लागे. युद्ध एप्रिलमध्ये संपलं आणि भाव कोसळले. म्हणजे घाटातली रेल्वे तेजीला मिळाली ती जेमतेम तीन-चार महिने.

त्याच जानेवारीत विल्मिंग्टनचं दार लागलं. डिसेंबरमध्ये उत्तरेने दोनशे टनांहून अधिक बंदुकीची दारू भरलेलं जहाज फोर्ट फिशरजवळ उडवलं होतं. किल्ल्याला काहीच झालं नाही. १५ जानेवारीला मात्र आरमाराचा मारा आणि जमिनीवरचा हल्ला यांचा मेळ बसला आणि किल्ला पडला. बातमी समुद्रावर पोहोचली नव्हती. उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी खुणेचे दिवे तसेच लावत ठेवले, आणि ‘स्टॅग’ व ‘शार्लट’ या दोन आगबोटी त्यांच्या रोखाने थेट आत येऊन पकडल्या गेल्या.