एका छताला दोन एक्सेस

लंडनजवळच्या स्लाउमधलं घर. स्वयंपाकघराच्या छतावर एक मोठा डाग, दीड-दोन हातांवर दुसरा लहान. विमा कंपनीच्या वतीने मी नुकसान बघायला गेलो होतो. घरमालकीण काकूंनी पॉलिसीचं पान पुढे केलं, "एक्सेस शंभर पाउंड, हे बघा, छापलंय." एक्सेस म्हणजे नुकसानीतला ग्राहकाने स्वतः सोसायचा वाटा.

छापलं होतं, पण तो सर्वसाधारण एक्सेस. पाणीगळतीचा वेगळा, स्केड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर, खाली: 450. शिवाय हप्ता कमी बसावा म्हणून पॉलिसी घेताना त्यांच्या मुलाने 250 चा ऐच्छिक, म्हणजे आपणहून वाढवून घेतलेला, एक्सेस निवडलेला. दोन्ही बेरजेत धरतात. झाले 700.

मग छताचा बोर्ड थोडा कापला आणि ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया तुळईत खुपसल्या. मोठ्या डागावर 26 टक्के, लहानावर 23, मधल्या पट्ट्यात मात्र 11, म्हणजे कोरडं. एकच पाणी वाहत आलं असतं तर मधलं लाकूडही ओलं लागलं असतं. मोठ्या डागाखाली साबणाचा राखाडी थर होता, वर शॉवरच्या ट्रॅपचा, म्हणजे सांडपाण्याच्या वाकड्या नळीचा, सांधा सुटलेला. लहान डागाची कड गंजासारखी तपकिरी. ते हीटिंगच्या पाइपातलं पाणी. बॉयलरचा दाब सारखा एक बारच्या खाली उतरतो, हे काकूंनीच बोलता बोलता सांगितलं.

दोन कारणं म्हणजे दोन घटना, आणि एक्सेस प्रत्येक घटनेला. काकू भडकल्या: "एकाच छताला दोनदा पैसे?" त्यांचा राग मला पटतो, पण कलम तसंच आहे. लहान डागाचं काम 350 पाउंडांचं. 700 वजा केल्यावर हाती शून्य, वर क्लेमची नोंद मात्र विमा कंपन्यांच्या सामायिक डेटाबेसमध्ये जाणार. तो भाग क्लेममध्ये घालायचा नाही असं त्यांनी ठरवलं. भिजलेला गालिचा मोठ्या डागाच्या क्लेममध्येच गेला. घर आणि सामान एकाच पॉलिसीत होतं, म्हणून त्याला वेगळा एक्सेस लागला नाही.

आता 700 भरायचे कसे? कंपनीचा ठेकेदार आला तर तो काम सुरू करण्याआधीच कार्डावर घेतो. पावती मागून घ्यावी. रोख तडजोड केली, म्हणजे कामाऐवजी पैसे घेतले, तर आधी काही भरावं लागत नाही, रक्कम वजा होऊनच येते. पण तिथे दर ठेकेदाराचा धरतात आणि व्हॅट बिल दाखवल्यावरच मिळतो. इथे काम 2,400 चं, हाती 1,700. व्हॅटचे 480 नंतर. काकूंच्या मिस्त्रीचा भाव 3,000 अधिक व्हॅट. कंपनी स्वतः काम करून द्यायला तयार असताना हा फरक मालकाच्या खिशातून जातो. कंपनीनेच रोख देण्याचा आग्रह धरला असता, तर मिस्त्रीचा वाजवी भाव मागता आला असता. काकूंनी ठेकेदार घेतला. ट्रॅपच्या दुरुस्तीचे पैसे मात्र त्यांचेच. पॉलिसी पाण्याने झालेलं नुकसान भरते, बिघडलेला भाग नाही.

लहान डागासाठी आधी प्लंबरकडून हीटिंगचा सांधा बदलायचा, लाकूड 18 टक्क्यांखाली उतरू द्यायचं, मग स्टेन ब्लॉक प्रायमर, म्हणजे डाग दाबून ठेवणारा अस्तराचा थर, आणि वर रंग. नुसता इमल्शन, म्हणजे भिंतीचा साधा रंग, मारला तर तपकिरी कड पुन्हा वर येते.