फक्कीच्या रेघांवरून चालताना

नवी सार्वजनिक दफनभूमी आणि तिला जोडून स्मृती उद्यान, यांचा आराखडा करायचं काम आमच्याकडे आलं होतं. कच्चा आराखडा तयार होता आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. सभागृहात पडद्यावर नकाशा दाखवला की लोक रंग बघतात, माना डोलावतात आणि घरी जातात. म्हणून आम्ही आराखडा थेट जागेवर आखला. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि रस्ते, कबरींच्या रांगा, बसायच्या जागा अशा सगळ्यांवर खऱ्या मापात फक्की मारली. सकाळी जागेवर या, आपल्याला चालायचं आहे, एवढाच निरोप दिला.

गर्दी चांगली झाली. म्हातारी माणसं, तरुण जोडपी, वेगवेगळ्या धर्मांचे लोक, नगरपालिकेचे अधिकारी आणि जुन्या दफनभूमीत आयुष्यभर कबरी खोदणारे एक काका. काकांना मी आग्रहाने बोलावलं होतं. ते येऊन मागे उभे राहिले.

पहिला प्रश्न आला तो पाण्याचा. उताराच्या पायथ्याची हिरवीगार जागा आम्ही कबरींसाठी घेतलीच नव्हती, तिथे उद्यान दाखवलं होतं. ‘सगळ्यात चांगली जागा फिरायला आणि माणसांना पुरायला वरचा मुरूम?’ एका आजोबांनी जरा रागानेच विचारलं. उत्तर देण्याऐवजी मी सगळ्यांना त्याच हिरव्या जागेत माती तपासायला खणलेल्या चाचणी खड्ड्याकडे नेलं. खड्डा कोरडा होता. पण त्याची भिंत नीट पाहिली की वर तपकिरी माती, खाली करडी चिकणमाती आणि त्या करड्या थरात गंजाच्या रंगाचे ठिपके दिसत होते. जिथे वर्षातले काही महिने पाणी भरतं आणि मग उतरतं, तिथेच असे ठिपके पडतात. आज पाणी दिसत नसलं तरी ते कुठवर चढतं हे माती सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998 च्या अहवालात दफनभूमीसाठी काही अंतरं सुचवलेली आहेत: पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून 250 मीटर, इतर झऱ्या-ओढ्यांपासून 30 मीटर आणि कबरीचा तळ भूजलाच्या सर्वांत वरच्या पातळीपासून किमान 1 मीटर उंच. ते ठिपके कमरेएवढ्या खोलीवर होते, म्हणजे इथे खोदलेल्या कबरीचा तळ पाण्यातच गेला असता. आजोबा खड्ड्याच्या काठावर बसले, हात खाली घालून त्यांनी करड्या मातीचा गोळा उचलला, बोटांनी दाबला आणि म्हणाले, ‘हिच्यात नको.’ विषय तिथेच संपला.

मग आम्ही रांगांकडे आलो. 2.5 बाय 1.2 मीटरचे चौकोन एकाशेजारी एक आखले होते. काका पहिल्यांदा पुढे आले, एका चौकोनात उभे राहिले, डावीउजवीकडे बघितलं आणि विचारलं, ‘मॅडम, माती कुठं टाकू?’

हा प्रश्न आमच्याकडे आलेल्या एकाही कागदावर नव्हता. हिशोब सोपा आहे. 2.1 मीटर लांब, 0.8 मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्ड्यातून अडीच घनमीटर माती निघते. मोकळी झालेली माती फुगते, म्हणजे ढीग तीन घनमीटरच्या आसपास जातो. शेजारी मोकळी जागा नसेल तर तो शेजारच्या कबरीवर पडतो. काका म्हणाले, ‘आम्ही फळ्या टाकतो, ताडपत्री टाकतो, नंतर झाडून काढतो. पण त्या कबरीवाल्यांनी नेमकं त्याच दिवशी येऊन बघितलं तर? किती जणांची बोलणी खाल्ली. त्यांचंही खरंच असतं ना.’ मग त्यांनी हाताने दाखवलं: घरचे लोक एका अंगाला उभे राहतात आणि शेवटी पुढे सरकतात. माती दुसऱ्या अंगाला हवी, पण मूठभर घ्यायला हात पोचेल इतकी जवळ. आणि झाड कबरीला चिकटून लावू नका, कारण पुढे शेजारी खोदताना त्याची मुळं त्यांनाच तोडावी लागतात.

आम्ही तिथल्या तिथे दोन रांगांमध्ये दीड मीटरची पट्टी सोडून पुन्हा फक्की मारली. एरवी ती गवताची पायवाट, खोदायच्या दिवशी मातीची जागा. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी लगेच सांगितलं की कबरींची संख्या कमी होईल. होणारच होती. एका एकरात 4,047 चौरस मीटर असतात आणि प्रत्येक पट्टी त्यातून जागा खाते. पण शेजाऱ्याच्या कबरीवर ढीग टाकून वाढवलेली संख्या मला खरी संख्या वाटत नाही, आणि हे मी सगळ्यांसमोर बोलले.

त्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग लहान बाळांच्या विभागाचा होता. आराखड्यात तो मागच्या कोपऱ्यात, झाडांच्या आड होता. शांतता मिळावी हा हेतू. तिथपर्यंत चालत गेल्यावर एक तरुण बाई थांबल्या. मेलेलं जन्मलेलं बाळ त्यांनी दुसरीकडे पुरलं होतं, अशाच एका कोपऱ्यात. ‘दवाखान्यातही सगळे म्हणाले, विसरून जा. आता हीही जागा तशीच. लपवलेली.’ त्यांना ती रस्त्यालगत हवी होती, येता-जाता लोकांच्या नजरेस पडेल अशी. त्यांच्या मागून एक गृहस्थ बोलले. त्यांचा मुलगा दोन महिन्यांचा असताना गेला होता. ‘ताई, मला नाही जमणार. मी तिथे रडतो. लोकांसमोर नाही रडता येत मला.’

कोणी कोणाला खोडून काढलं नाही. मीही मध्ये बोलले नाही. अशा वेळी डिझायनरने घाईने तोडगा काढू नये, असं माझं ठाम मत आहे. थोड्या वेळाने त्या बाईच चालत चालत मुख्य रस्त्याच्या वळणापाशी गेल्या, तिथून वळून पाहिलं आणि त्या गृहस्थांना हाक मारली, ‘दादा, इथून बघा.’ वळणाजवळ जमीन थोडी उंच होती. विभागाचं तोंड तिथे आणलं तर रस्त्यावरून पहिली रांग दिसत होती, मागच्या रांगा मात्र उताराच्या पलीकडे, नजरेआड. दोघांना हवं ते एकाच जागेत बसत होतं. आम्ही खुंट्या उपटून तिकडे नेल्या. आईवडिलांच्या कबरीतच बाळाला ठेवायची मुभा असावी, हे कलमही नियमावलीच्या मसुद्यात घातलं.

उंचवट्यावरच्या बसायच्या जागेपर्यंत जाताना म्हातारी माणसं मागे पडली. तिथे मी त्यांना स्टॉकहोमच्या स्कूग्सशिर्कोगोर्देन या दफनभूमीबद्दल सांगितलं. गुन्नार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेन्ट्झ यांनी 1915 च्या स्पर्धेत जिंकलेलं ते काम 1994 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्यांची उंची वर जाताना हळूहळू कमी होत जाते, म्हणजे चढणारा धापा टाकत नाही, स्वस्थ होऊन पोचतो. एक आजी गुडघा चोळत म्हणाल्या, ‘आम्हाला तसंच करा.’ तसंच करणार आहोत, आणि सोबत चाकाच्या खुर्चीसाठी 20 मीटरला 1 मीटर चढेल असा सावकाश उताराचा रस्ताही.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला. जागा संपल्यावर जुनी कबर पुन्हा वापरायची का? सिंगापूरमध्ये दफनाची मुदत 15 वर्षं आहे, जर्मनीत बहुतेक ठिकाणी 20 ते 25 वर्षं. हे आकडे सांगताच घोळक्यात दोन तट पडल्यासारखं झालं. काही धर्मांत कबर उकरणं मान्यच नाही. उलट काहींचं म्हणणं असं की नातवंडांना शहराबाहेर जावं लागण्यापेक्षा मुदत बरी. उन्हं चढली होती, तेवढ्यात हे सुटणारं नव्हतं. त्यासाठी वेगळी बैठक ठेवली आहे. मुदत ठरली तर जुन्या अस्थी त्याच कबरीत आणखी खोल ठेवायच्या की वेगळ्या जागी, याचे दोन्ही आराखडे आम्ही तिथे नेणार आहोत. जुन्या कबरी उघडल्यावर आत काय सापडतं हे त्या बैठकीत काका सांगणार आहेत. यायचं त्यांनी कबूल केलं आहे.