कर्नाटकातल्या गोगी गावाला युरेनियम-रेडॉन तपासणीसाठी पाण्याचे नमुने घ्यायला जाणाऱ्यांसाठी

"रस्ता एक नंबर आहे, सहा तासांत पोचाल," असं सांगून आम्हाला कोल्हापुरातून काढलं. दहा तास लागले. विजयपूरपर्यंत तक्रार नाही. वाट लागली ती सिंदगीच्या पुढे. खड्डे चुकवायला जागाच नव्हती, आणि परतताना त्याच खड्ड्यांत मागच्या सीटवर रेडॉन मोजायच्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

रेडॉन म्हणजे खडकातल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू. बाटलीत हरभऱ्याएवढा बुडबुडा राहिला तरी धक्क्यांनी रेडॉन पाण्यातून सुटून त्यात जातो आणि नमुना वाया. आमच्या अकरापैकी चार बाटल्या अशा गेल्या. अजून जिवाला लागलंय. नळी बाटलीच्या तळापर्यंत घाला, पाणी भरपूर वाहून जाऊ द्या, बाटली बादलीत बुडवून झाकण पाण्याखालीच लावा. भरल्याची वेळ लिहाच, कारण ३.८ दिवसांत रेडॉन निम्मा होतो. म्हणून गोगीजवळच्या शहापुरात मुक्काम वाढवू नका. सिंदगीचा टप्पा रात्री तर मुळीच नको.

गोगी यादगीर जिल्ह्यात, भीमेच्या खोऱ्यात. चुनखडक आणि ग्रॅनाइट जिथं भिडतात त्या भेगांत युरेनियम आहे. शोधखाणकाम झालंय, उत्पादन नाही. खाण नाही म्हणजे पाणी स्वच्छ, असं मी धरून चाललो होतो. साफ चूक. खडकातूनच युरेनियम पाण्यात उतरतं, आणि पाण्यात बायकार्बोनेट क्षार जास्त असले की आणखी सहज विरघळतं. म्हणून आजचे आकडे आजच घेतले पाहिजेत. उद्या खाण सुरू झाली की खडकाचं किती आणि खाणीचं किती, हे कुणाच्या बापाला सांगता येणार नाही.

बोअर दहा मिनिटं चालवून मगच नमुना घ्या. पीएच आणि अल्कलिनिटी (हिच्यावरून बायकार्बोनेटचा अंदाज येतो) जागेवरच मोजा. युरेनियमची बाटली ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून भरून, नायट्रिक ॲसिडनं पीएच २ च्या खाली आणा. पावसाळ्याआधी एक फेरी, नंतर एक. एकाच फेरीवर अहवाल लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

कन्नड बोलणारं माणूस न्याच. एका आजींनी हंडा पुढं केला, कडेला क्षारांचा पांढरा थर, आणि विचारलं, "कुडियबहुदा?" पिऊ का? पिण्याच्या पाण्यात युरेनियमची लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा आम्हाला पाठ होती, त्यांच्या हंड्यातला आकडा नव्हता. अहवाल कन्नडमधून गावात परत न्यायचा, हे ठरवूनच निघा. आमच्या यादीत त्यांची बोअर सातव्या क्रमांकावर आहे.